व्याह्यांबरोबर सायकलवर

व्हॅलेन्सियाला जायची कल्पना मुलीची. तिला पाचवा महिना लागला होता. जावयाला बॉनमध्ये नवी नोकरी मिळाली होती, त्यामुळे बाळ येण्याआधीच ते दोघं कार्ल्सरूहे सोडून तिकडे जाणार होते. बॉनला माझे व्याही राहतात, आणि मुलीने घर घेतलं ते त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे तिला तिच्या आईने दोन-तीनदा सांगून पाहिलं. सुईण बॉनमध्ये मिळाली आहे आणि इथे सुईण मिळणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत नाही, एवढं बोलून तिने विषय संपवला.

म्हणजे नातवंड बघायचं तर व्याह्यांच्या दारातून आत जाणं आलं. आणि लग्नानंतर मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की त्या माणसाच्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. मी एकदा बोललो की बोललो. माझा धंदा त्यावरच उभा आहे.

सहलीला आम्ही तिघंच जातोय असं मुलीने सांगितलं होतं. व्हॅलेन्सियात पहिल्या सकाळी हॉटेलात नाश्त्याला उतरलो, तर समोरच्या टेबलावर व्याही अंडं सोलत बसले होते. शेजारी विहीणबाई.

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"अहो, हळू," ती म्हणाली. म्हणजे माहीत होतं.

आता त्या लग्नाविषयी. मी इचलकरंजीचा. डिप्लोमा करून कोल्हापूरला एका फाउंड्रीत लागलो, तिथून काही महिन्यांसाठी मशीन बसवायला जर्मनीत आलो आणि राहिलो. आज कार्ल्सरूहेजवळ माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. मला कोणी हाताला धरून आणलं नाही. व्याही पुण्याचे, डॉक्टरेटसाठी आलेले, मोठ्या कंपनीतून वरच्या पदावरून निवृत्त झालेले. लग्नाची बोलणी त्यांच्या दिवाणखान्यात झाली. मी तयारीने गेलो होतो. हॉल कुठला, जेवणात काय, मुलाकडची माणसं किती, सगळ्यावर घासाघीस केली, आणि ते हसत हसत हो म्हणत गेले. शेवटी मी म्हणालो, "आणि आहेर-मानपान दोन्हीकडून बंद. कोणी कोणाला काही द्यायचं नाही."

"अगदी. शंभर टक्के," ते म्हणाले. आम्ही उभं राहून हात मिळवले.

लग्नाच्या दिवशी पुण्यात, पंगत बसायच्या आधी, विहीणबाईंनी मोठाल्या बॅगा उघडल्या. माझ्या बायकोला पैठणी. मला शाल-श्रीफळ. माझे काका, मामा, मेहुणे, एकेकाला पुढे बोलावून उपरणं आणि पाकीट. माझ्या धाकट्या बहिणीची ओटी भरली, तीही जरीकाठी साडी घालून. आमची माणसं खूश झाली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आता आमची पाळी होती. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. खांद्यावर शाल होती, पण ती त्यांनीच घातलेली.

परतताना गाडीत बहीण म्हणाली, "दादा, तू जर्मन झालास की कंजूष झालास, ते तरी सांग. विचारणाऱ्यांना काहीतरी उत्तर द्यायला हवं."

द्यायचं होतं तर बोलणीत तसं बोलायचं. मीही दिलं असतं, त्यांच्यापेक्षा भारी दिलं असतं. हात मिळवून नको म्हणायचं आणि भरल्या हॉलमध्ये बॅगा उघडायच्या, याला माझ्या धंद्यात जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

सायकलची सहल मुलीने आधीच नक्की केलेली होती. गाइड तिथलाच, पण हायडेलबर्गला शिकलेला, त्यामुळे जर्मन छान बोलायचा. आमच्याबरोबर काही जर्मन जोडपी होती. मुलीने सायकल चालवण्याला बायकोची हरकत होती.

"आई, मी गरोदर आहे, आजारी नाही. डॉक्टरला विचारलंय. रस्ता सपाट आहे," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. ती जर्मनमध्ये बोलते, आई मराठीत, आणि भाषेवाचून दोघींचं भांडण कधी अडलेलं नाही.

हेल्मेटचे पैसे वेगळे आहेत असं गाइडने सांगितल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. थोडा वेळ लागला, आवाजही चढला, पण हेल्मेट सगळ्यांना फुकट झाली. जर्मन जोडपी आपण काही ऐकत नाही असा चेहरा करून उभी होती. नंतर त्यांनी हेल्मेट घेतली. व्याह्यांनी मात्र बॉनहून स्वतःचं हेल्मेट आणलं होतं. त्याला कडेला एक छोटा आरसा होता. ते पुढे, मी मागे, म्हणजे त्या आरशात मी दिसत असणार.

सौद्यात जो आधी आकडा बोलतो तो हरतो. मी ठरवलं होतं, पहिला शब्द त्यांचा, आणि तो माफीचा. शहराच्या जुन्या दगडी वेशीतून आत शिरलो, बोळ अरुंद होत गेले. गाइड थांबायचा, सांगायचा, पुढे जायचा. ही वेस एकेकाळी तुरुंग होती. इथे रेशमाचा व्यापार चालायचा. रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लगडलेली होती. फेब्रुवारीत असं ऊन बघून बायकोने एक तोडलंच. गाइड म्हणाला, कडू असतात. तिने तरी चाखून पाहिलं आणि रुमालात गुंडाळून ठेवलं.

एका बोळाच्या तोंडाशी सिग्नल लाल होता. दोन्ही बाजूंना गाडी सोडा, मांजरही नव्हतं. गाइड निघून गेला. जर्मन जोडपी थांबली, व्याही थांबले, मीही थांबलो. आम्ही दोघं शेजारी शेजारी, एकेक पाय जमिनीवर टेकवून उभे.

"इथला हिरवा लवकर लागत नाही," व्याही समोर बघत म्हणाले.

मी ते धरलं नाही. सिग्नलविषयीचं बोलणं माफीत जमा होत नाही. गाइड आम्हाला शोधत परत आला आणि जर्मन लोकांना बघून हसला. त्या हसण्यात आम्ही दोघंही आलो.

तो गुरुवार होता. गाइडला बाराच्या आत कॅथेड्रलच्या दारापाशी पोचायचं होतं. शहराभोवतीच्या शेतांना कालव्यांचं पाणी मिळतं, त्यावरून तंटे होतात, आणि कित्येक शतकं त्यांचा निवाडा दर गुरुवारी दुपारी या दारात होतो, असं त्याने सांगितलं. न्यायाधीश शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले. वकील नाही, अर्ज नाही. तक्रार तोंडी, निकाल तोंडी, आणि बोललेलं बदलत नाही. मला हे फार पटलं. असं कोर्ट पुण्यात असतं तर माझं काम एकाच दुपारी झालं असतं.

बाराचे टोले पडले. काळे डगले घातलेली माणसं येऊन गोल मांडलेल्या लाकडी खुर्च्यांवर बसली. हातात पितळी आकड्याची काठी घेतलेल्या एकाने पहिल्या कालव्याचं नाव पुकारलं आणि तक्रार असलेल्यांनी पुढे यावं म्हणून सांगितलं. कोणी आलं नाही. दुसऱ्या कालव्याचं नाव. कोणी नाही. लोक मोबाइल वर धरून उभे होते.

व्याही माझ्या शेजारी होते. पुढे बघत, मराठीत, जरा मोठ्यानेच म्हणाले, "जा ना व्याही, पुढे व्हा. तुमची तक्रार आहे ना? नाहीतर परत गुरुवारपर्यंत थांबावं लागेल."

"आहेच तक्रार," मी म्हणालो. "आणि आरोपी तुम्ही. हात मिळवला होता तुम्ही."

"मिळवला होता."

"शंभर टक्के म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. तसं म्हणायचंच असतं. मुलीचा बाप म्हणतो काही नको, मुलाचा बाप म्हणतो काही नको, आणि दोघंही बॅगा भरून आणतात. हे तुम्हाला इचलकरंजीत कोणी सांगितलं नाही?"

"इचलकरंजीत शब्द म्हणजे शब्द. पुण्यात त्याचं काय करतात मला माहीत नाही."

एक जर्मन बाई मागे वळून तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "प्स्स्ट."

"अहो, कोर्ट चालू आहे," बायको म्हणाली.

"चालू कुठे आहे? कोणी आलंच नाही!"

आता व्याह्यांचा आवाजही चढला. हेल्मेट एका कानावर कललं होतं. "खरं ऐकायचंय? मी घाबरलो होतो तुम्हाला. माझ्या घरात बसून तुम्ही माझ्याकडून हॉल काढून घेतलात, जेवण काढून घेतलंत, तारीखसुद्धा बदलून घेतलीत. सगळं ओढून घेणारा माणूस आहेर मात्र आपणहून सोडतो? मी हिला म्हणालो, यात डाव आहे. ऐन वेळी हा माणूस चांदीची ताटं काढणार, आणि सगळ्या नातेवाइकांपुढे आपण हात हलवत उभे. मग आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर दुकानं पालथी घातली आम्ही. पाय सुजले हिचे."

"अजून दुखतात," विहीणबाई म्हणाल्या.

दोन वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांनी मला हलकं समजून ते केलं. घाबरून केलं असेल असं मनात आलं नव्हतं. तक्रार होती तिथेच होती, पण तिच्याखालची जमीन जरा सरकली, आणि ते मला आवडलं नाही.

शेवटच्या कालव्याचं नाव पुकारून झालं. काळे डगले उठून गेले. गाइडने मुलीला हळूच विचारलं, "भांडण पाण्यावरून का?"

"नाही. साड्यांवरून," ती म्हणाली.

"असं होय," म्हणून त्याने समजल्यासारखी मान हलवली.

तिथून पुढचा रस्ता नदीतून जातो. नदीतून म्हणजे तिच्या पात्रातून. मोठ्या पुरानंतर नदी शहराबाहेरून वळवली आणि रिकाम्या पात्रात बाग केली. वर जुने पूल, खाली गवत, झाडं, पळणारी माणसं. मुलगी माझ्या बाजूला आली.

"बाबा, एक विचारते," ती म्हणाली. मराठीत. मराठी ती अगदी गरजेपुरती काढते. "बाळ झाल्यावर तुम्ही येणार की नाही?"

"त्यांनी माफी मागायला हवी."

"आणि नाही मागितली तर?"

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"तान्हं बाळ घेऊन मी सारखी कार्ल्सरूहेला नाही येणार," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही त्याला फोनवर बघणार. मला चालेल असं नाही, पण मी दर वेळी तुम्हाला मनवणार नाही. आत्ताच सांगून ठेवते." राग नव्हता. उशीर झालेल्या ट्रेनची घोषणा करतात तसं सांगितलं आणि पुढे गेली. ही पद्धत ती या देशात शिकली. माझ्याकडूनही शिकली असेल.

समुद्र आला. वाळूच्या कडेला सायकली लावल्या, लोकांनी सँडविच काढली. व्याही माझ्याकडे आले.

"बारसं बॉनला आहे," ते म्हणाले.

"कळलं."

"यायचं."

"असं वाटेत सांगत नाहीत. आमच्याकडे बोलावणं घरी येऊन करतात."

"कार्ल्सरूहेपेक्षा लांब आलोय मी."

"तुम्हाला मुलीने आणलं म्हणून आलात."

"आणि तुम्हाला कोणी आणलं?"

माफी मिळणार नाही हे मला तेव्हा दिसलं. माल मिळत नसेल तर निदान पॅकिंग तरी नीट करून घ्यावं.

"हेल्मेट तरी काढा," मी म्हणालो. "डोक्यावर टोपलं घालून बोलावणं करतात का?"

त्यांनी हेल्मेट काढलं. कपाळावर पट्ट्याचे लाल वळ उठले होते, विरळ केस चिकटून बसले होते. त्यांनी विहीणबाईंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या. दोघांनी शेजारी उभं राहून, हात जोडून, आम्हा दोघांना बारशाचं रीतसर बोलावणं केलं. बायको लगेच "हो, हो, येणार तर" म्हणून मोकळी झाली.

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो म्हणजे?" व्याही म्हणाले.

"बघतो म्हणजे बघतो. तसं म्हणायची रीत आहे."

"रीत आमच्या पुण्याची. तुमच्यात शब्द म्हणजे शब्द ना? मग येतो म्हणा, नाहीतर येत नाही म्हणा. जे म्हणाल ते मी धरून चालेन."

मुलगी सँडविच हातात तसंच धरून बघत होती. मी पळवाट शोधली. मला ती बहुतेक वेळा सापडते.

"आणि त्या दिवसाचं काय?" मी विचारलं.

"माफी नाही मागणार. दिलं म्हणून कसली माफी मागू? तुमच्या बहिणीने ती साडी नेसून फोटो पाठवलाय हिला."

हे मला माहीत नव्हतं. बहिणीशी नंतर बोलायचं ठरवलं. समुद्राकडून वारा येत होता आणि गाइड घड्याळ बघत होता.

"येतो," मी म्हणालो.

व्याह्यांनी मान हलवली, हेल्मेट परत घातलं आणि आरसा सरळ केला. मुलीने तिथेच वाळूत उभं राहून जावयाला फोन लावला. बाबा येणार आहेत, तेव्हा छोट्या खोलीत सोफा नको, पलंगच घेऊ, असं ती त्याला जर्मनमध्ये सांगत होती.

"गादी कडक बघ," मी म्हणालो. "आणि दुकानदार पहिल्यांदा सांगेल ती किंमत ऐकून घेऊ नका. मी येईपर्यंत थांबा."