कवट्यांच्या फडताळापुढे

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात आदिमानवाच्या प्लास्टरच्या कवट्यांचं एक फडताळ आहे. त्यापुढे उभा राहिलेला माणूस गप्प बसत नाही. त्यामुळे महिन्याभरातच माझ्याकडे किश्श्यांचा ढीग जमला.

महिनाभरच, कारण ही नोकरी माझ्या थोरल्या भाऊची. आखाजीच्या सणानंतर तो दुखण्यात गेला. त्याचा खाकी कोट मला लांब होतो. फडताळ ज्यांच्या ताब्यात, ते सर म्हणाले, "तू चौथी पास. पण प्रिन्सिपॉलसाहेबांना सगळं फडताळ समजावून सांगितलंस, तर जागा तुझी." भाऊ घरी जेवतानाही कवट्यांचंच बोलायचा, म्हणून मी हो म्हणून बसलो.

कॉलेजातल्या भाच्याला भेटायला पारोळ्याहून एक अक्का आल्या. मी कवटी उलटी करून दाखवली. "मणका जोडायचं भोक माकडाला मागे असतं, याला बरोबर खाली. म्हणजे हा ताठ चालायचा."

अक्कांनी वाकून पाहिलं. "मंग याच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं देता येईन. आपलाच शे."

यावलच्या केळीवाल्या आबांनी विचारलं, "माकड आपला आजा शे का?"

"नाही आबा, चुलतभाऊ. वाटण्या फार जुन्या."

"तरीच बागेत हक्कानं शिरतं."

मेंदू केवढा होता हे पाहायला कवटीत बाजरी भरायची आणि मग मापात ओतायची. माझं माप भाऊच्या वहीतल्यापेक्षा कमी आलं. सर वैतागले, "महिन्यात याचा मेंदू आटला का रे?"

शिपाई नानांनी मला भरताना पाहिलं. "तुझा भाऊ घेणाऱ्यासारखा हलवून हलवून भरायचा. तू विकणाऱ्यासारखा भरतोस."

मग सरांनी स्वतः भरली. त्यांचं तिसरंच आलं.

काल प्रिन्सिपॉलसाहेब आले. भुवयांची जाड हाडं, लहान मेंदू, मोठा मेंदू, मी ओळीनं सांगत गेलो. शेवटच्या कवटीवर त्यांनी बोट ठेवलं. "याला दाढा नाहीत. जागा हाडानं भरून आली आहे. यावरून काय कळतं?"

सर मागून ओठ हलवत होते : म्हातारा, म्हातारा.

"याला कोणीतरी कुस्करून भरवत होतं, साहेब."

"कशावरून?"

"दाढा गेल्यावरही हा बरेच दिवस जगला. चावता येत नसलं की भाकरी दुधात कुस्करावी लागते. घास बोटानं गालात ठेवावा लागतो. निम्मा बाहेर येतो. मग पुन्हा द्यायचा."

सर म्हणाले, "अरे, तेव्हा भाकरी नव्हती."

"जे असेल ते, सर. पण कोणीतरी शेजारी बसून दिलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू किती दिवस दिलंस?"

"सव्वा महिना."

त्यांनी कवटी उचलून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "जागेवर ठेव. सोमवारी शाळेची मुलं येणार आहेत. त्यांना तूच सांग."