एक्केचाळीस हजारांत गेलेला क्लच

उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत गाडी अडकली होती आणि जळकट वास येत होता. मी काच वर केली आणि नांदेडात लोक कचरा कुठंही पेटवतात, या विषयावर पाचेक मिनिटं बोललो. पूल उतरलो, बाजार मागं पडला, वास काही जाईना. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, हा कचरा आपल्यासोबतच येऊन राहिलाय." गाडी कडेला घेऊन बॉनेटपाशी नाक नेलं, तेव्हा कळलं की जळतंय ते आपलंच.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच सांगितलं, "सर, क्लच खलास हाय. इंजिन नुसतं वरडतंय, गाडी ओढंना. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही बदलावं लागतंय. सामान साडेसहा हजार, मजुरी दोन. गिअरबॉक्स उतरवावा लागतो ना. सांजच्याला घेऊन जावा."

"एवढ्यात? एक्केचाळीस हजारच किलोमीटर झालेत."

"त्ये चालवणाऱ्यावर असतंय. कुणाचा लाखभर जातो, कुणाचा तीसमध्येच बसतो. गाडी कोण चालवतं?"

"मी. आणि चार महिन्यांपासून मिसेस."

"बरं," तो म्हणाला. बास, एवढंच. पण त्या 'बरं'मध्ये मला जे ऐकायचं होतं ते सगळं ऐकू आलं.

आता माझ्याकडं दोन संशयित झाले. एक मिस्त्री. चक्कर मारून, काहीही न उघडता साडेआठ हजार सांगणारा माणूस सरळ कसा असेल? दुसरी बायको. ती विष्णुपुरीच्या पुढच्या एका गावात शिक्षिका आहे. आधी ऑटो, मग बस, मग पायी, असं पंधरा वर्षं केल्यावर यंदा ती क्लास लावून गाडी शिकली, तिनं लायसन काढलं आणि ती रोज सकाळी गाडी घेऊन शाळेत जायला लागली. मी दुचाकीवर ऑफिसला. शाळेतल्या पोरी म्हणे तिची गाडी आली की फाटकापर्यंत पळत येतात. हे ती घरी आठवड्यातून दोनदा तरी सांगायची.

मी तिला म्हणालो, "क्लच गेलाय. नवीन शिकणाऱ्याच्या हातात जातोच तो. आता नवा टाकला की काही दिवस तू बसनंच जा. नीट हात बसल्यावर बघू."

ती पोळी लाटत होती. "बरं," म्हणाली आणि पर्समधून चावी काढून फ्रिजवर ठेवली. दोन दिवसांत हे दुसरं 'बरं'. याचा अर्थ लावायच्या भानगडीत मी पडलो नाही.

मिस्त्रीचा बंदोबस्त करायला मी ओळखीच्या सहा जणांना फोन लावले. क्लच किती टिकतो याची सहा उत्तरं आली. लातूरचे साडूभाऊ मात्र ठाम होते. "माझी नव्वद हजार झाली, कंपनीचाच क्लच हाय. नांदेडवाल्यांनी तुमाला मामा बनवलं. इकडं आणा. आमचा मिस्त्री आधी बघतो, मग बोलतो."

म्हणून रविवारी आम्ही दोघं, घसरत्या क्लचची गाडी घेऊन, लातूरला निघालो. अहमदपूरच्या अलीकडच्या एका चढावर उसाचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून पुढं गेला. ड्रायव्हरनं वळून हात केला. बायको खिडकीबाहेर बघत होती. ती दिवसभर अशीच बघत होती.

लातूरचा मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारा. त्यामुळं मला त्याचाही संशय आला. जुनी प्लेटच पुसून परत बसवली तर कसं कळणार? मी आधीच बजावलं, "जुनं सामान मला पाहिजे. आणि काम होईपर्यंत मी इथंच बसणार."

"बसा की," तो म्हणाला. "आधी एक राउंड मारू. तुमी चालवा."

तो शेजारी बसला, बायको मागं. रिंग रोडला लागलो. चांगला सरळ रस्ता, चौथा गिअर. तो समोर बघेना, माझ्या पायाकडंच बघत होता.

"डावा पाय कुठं ठिवता साहेब?"

"क्लचवर."

"आन गिअर टाकायचा नसला तर?"

"तरी क्लचवरच. तयारीत."

"गाडी कशावर शिकलात?"

"काकाच्या ट्रॅक्टरवर." ते खरंच होतं. त्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर कुणाचा भरवसा नव्हता. काकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, क्लचवरचा पाय काढशील तर थेट विहिरीत जाशील. पंचवीस वर्षं झाली, मी पाय काढला नाही.

"हाव, त्येच," मिस्त्री म्हणाला. "पाय हलका ठिवला तरी प्लेट घासतीच. बाईंना येती का गाडी?"

बायको पुढं आली. गिअर पडला की तिचा डावा पाय आपोआप बाजूला, खाली जाऊन टेकायचा. क्लासवाल्यानं तसंच शिकवलेलं. मिस्त्री मागं वळून मला म्हणाला, "ह्यांच्या हातात नवी प्लेट लाखभर जाती बगा."

त्याचा आकडा निघाला आठ हजार सातशे. नांदेडपेक्षा दोनशे जास्त, जाण्यायेण्याचं पेट्रोल वेगळं. मी दिवसभर स्टुलावर बसून राहिलो. जुनी प्लेट हातात आली, तळहातासारखी गुळगुळीत. तरी मनात आलंच, की बायकोनं आणि साडूभाऊंनी मिळून या म्हाताऱ्याला आधी फोन केला असेल का. घरी गेल्यावर तिचा मोबाइलही चाळला असता, पण पासवर्ड माहीत नाही.

परत येताना गाडी तिनंच चालवली. मी शेजारी बसलो, आणि दर वळणाला माझा डावा पाय पायपुसणं दाबत होता. लोह्याच्या पुढं आल्यावर मी म्हणालो, "ते परवा बसचं बोललो ना, ते चुकलं माझं."

तिनं समोरच्या ट्रकला वाट दिली, गिअर बदलला, पाय बाजूला घेतला.

"चावी माझ्याकडंच राहील," ती म्हणाली. "तुम्हाला गाडी लागली तर आदल्या दिवशी सांगत जा. मी नेऊन सोडीन."