आजी पंगतीला का बसत नव्हती

मैत्रिणींनो, मी जालन्यात नर्स आहे, आणि आज मला स्वतःचीच लाज वाटली.

पिंपळगाव रेणुकाईच्या ब्याऐंशी वर्षांच्या एका आजीची गर्भपिशवी खाली उतरून बाहेर आलीय. उद्या ऑपरेशन. संमतीचा कागद मी सवयीने तिच्या मुलाच्या हातात दिला, धोकेही त्यालाच समजावले. तो म्हणाला, "सिस्टर, आता ह्या वयात कशाला चिरफाड?"

तेवढ्यात खाटेवरून आजी बोलली, "माय, तरास मला, अन् सांगून राह्यली त्याला?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. भूल, टाके, जिवाचा धोका, सगळं पुन्हा सांगितलं. तिने एकच विचारलं, "मंग पंगतीत बसता येईल ना? बारा वर्षं झाली. बसलं की लुगडं ओलं व्हतं. लग्नात बी मी मांडवामागं उभ्यानंच जेवते."

मुलाने कागद तिच्यापुढे धरला. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, हिला गर्दी आवडत न्हाई."

आजीने कागदावर अंगठा उठवला.

तुमच्या घरी पंगत बसली की कोण गुपचूप बाजूला होतं? का होतं, हे कधी विचारलंय तिला?