जड होतं ते घेतलं

माह्या नातीनं कॉम्प्युटरवर लगनाच्या फिल्लमा जोडायचं काम धरलं होतं. बालाघाटातला एक फोटोवाला तिले समदी शुटिंग आनून दे. हाललेलं, अंधारातलं ती काढून टाके, गाने लावे, नवरीची पाठवनी आली का समदं हळू करे. रडनं नीट दिसलं पाहिजे म्हने. लोकाइले लगनातलं रडनं पाह्यची भल्ली हौस. मी बाजूले खाटीवर बसून ऐकत राहो. मोतीबिंदूनं मले धुकट दिसे, पडद्यावरचं काही समजे नाई, आवाज तेवढे कानात पडत.

त्या वर्षी पावसाळ्यात कॉम्प्युटर नुसतंच गुनगुन करे, पडद्यावर काही येयेना. नातीनं पेटी उघडली अन् म्हनलं, कार्ड गेलं. हे कार्ड म्हनजे पंजाएवढी एक पाटी असते, वरतून पंखा असते, अन् चित्र हालवायचा समदा भार तिच्यावर राह्यते. ते काढून पडद्याची वायर दुसऱ्या जागी लावली त चिठ्ठीपत्री लिहिता येते, फिल्लम जोडता येत नाई.

अन् हे नेमकं सीजनच्या तोंडावर. फोटोवाल्यानं सांगतलं होतं का दिवाळीनंतरचं पहिलं लगन टायमावर करून देजो, मंग पूरा सीजन तुलेच देतो. इकडं माह्या पोरानं, म्हनजे तिच्या बापानं, तिले आधीच बजावलं होतं. नागपूरले तिच्या आत्यानं एका कपड्याच्या दुकानात काउंटरवर तिची जागा पाहून ठेवली होती. या सीजनले घरी बसून कमाई झाली त ठीक, नाई त आत्याकडं जायचं. तिले जायचं नव्हतं. बोलून दाखवे नाई, पन हे काम ती बारावीनंतर आपल्या मनानं शिकली होती. कोनी शिकवलं नाई, कोनी विचारलंबी नाई. नागपूरले गेली का ते कामच सुटत होतं.

नवं कार्ड घ्यायची आमची पोच नव्हती, जुनंच पाह्यचं ठरलं. मले डोळे दाखवाले गोंदियाले जायचंच होतं, म्हनून पोरगा, नात अन् मी, तिघंबी एकाच बसनं गेलो. वाटेवरचं राजेगाव येयेपर्यंत नात मोबाइलवर त्या कार्डाइचंच वाचून राह्यली होती. तिले मराठी समदी समजते, पन बोलाले लागली का हिंदीच येते.

"पापा, अपना सप्लाय छोटा है," ती बापाले म्हने.

सप्लाय म्हनजे पेटीतला तो डब्बा, जो बाहेरची लाइन, म्हनजे बिजली, घेते अन् आतल्या समद्याइले वाटून देते. पोरगा हौ हौ करे अन् खिडकीतून धान पाहे.

गोंदियात कॉम्प्युटरच्या दुकानदारानं दोन कार्डं समोर ठेवली. दोन्ही जुनी, कोनाच्या तरी पेटीतून निंगालेली, भाव दोन्हीचा बराबर. एक लहानसं, एका पंख्याचं. ते लाइन कमी खाते, वेगळी तार मांगत नाई, लावलं का चालू, असं तो म्हने. दुसरं लांबलचक, दोन पंख्याचं, लोखंडी पाठीचं. गेम खेळनारे पोरं हेच मांगतात, ताकदीत हे लहान्याले लय मागं टाकते. पन याले सप्लायमधून वेगळी तार लागते.

नात म्हने, लहानं घ्या. मले गेम खेळायचे नाईत, फिल्लम हेबी काढून देते, जरासा टाइम जास्त लागन. मोठं आपल्या डब्ब्याले झेपनार नाई.

पोरानं दोन्ही कार्डं उचलली. एक या हातात, एक त्या हातात, अन् वरखाली करून पाह्यली.

आमच्या घरात माल असाच पाह्यतात. मी भरवेलीच्या खदानीत दगड निवडाले होती. ढिगापाशी उन्हात बसायचं, दोन हातात दोन दगड घ्यायचे. जड तो मॅगनीज, हलका तो फेकायचा. दोन्ही काळेच, दोन्ही धुळीनं भरेल, डोळ्याले काय समजन? हातच सांगे. मालात हलका दगड गेला का मेट, म्हनजे आमच्या टोळीवरचा मानूस, पूरी टोपली उपडी करे अन् मजुरी कापे. एक बाई पोटुशी होती. तिची टोपली उपडी केली त ती तिथंच बसून परत निवडाले लागली. आमी कोनी मान वर केली नाई, आपलीबी उपडी होईन म्हनून. माहे मालक, म्हनजे पोराचे बाप, त्याच खदानीत खोकून खोकून गेले. पोरगा आता तिथंच ठेकेदाराकडं जाते. बजारात पातेलं घ्यायचं असो का वांगं, आमचा हात आधी वजन पाह्यते, मंग तोंड भाव विचारते.

पोरानं ती कार्डं माह्या हातात देल्ली. म्हने, "पाह्य माय."

मी पाह्यलं. म्हनलं, "हे जड हाय."

"मंग? एकाच भावात हलकं काहून न्यावं?"

दुकानदार हासला. आजीची परख पक्की हाय म्हने. त्याले त कोनतंबी गेलं तरी चालत होतं.

"आजी, ये पत्थर नहीं है," नात म्हनली.

तिच्या बापाले ते लागलं. दुकानातच म्हने, "तुह्या आजीनं जिंदगी काढली यात. तू काल शिकली अन् आज मास्तरीन झाली का?"

मंग तिनं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. दुकानदारानं एक जोडतार देल्ली, म्हने यानं जुन्या डब्ब्यावरबी चालून जाईन. जड होतं ते घेतलं.

पहिले काही दिवस चाललं चांगलं. पोरानं शेजाऱ्याइले बोलावून दाखवलं, गेमवालं कार्ड आनलं म्हने. दिवाळीनंतर लगनाची शुटिंग आली. नातीनं तुकडे जोडले, गाने बसवले. आता शेवटी ते समदं कॉम्प्युटरकडून एकसंध करून घ्या लागते, त्याले घंटे लागतात. तेव्हाच समदा जोर लागते. अर्ध्यावर आलं का पेटी फट्‌कन बंद. परत लावे, परत बंद. तिनं पेटीचं झाकन काढलं, टेबलफॅन तोंडाशी आनून ठेवला, फिल्लमीचे बारीक बारीक हिस्से करून पाह्यले. एक हिस्सा निंघे, दुसऱ्याले बंद. जेवाले बलावलं त म्हने येतो, अन् येयेना. बाप ड्युटीवरून आला का दारातूनच विचारे, झालं का? अन् मंग म्हने, ताकदीचं हाय ते, तापन जरासं, घाई नको करू. ती त्याच्याकडं पाहे नाई.

एक दिवस दुपारी पेटीतून तार जळल्याचा वास आला. मले नीट दिसत नव्हतं तरी मी आधी ओरडली. सप्लायचा डब्बा गेला होता.

फोटोवाला दारात आला, आत बसला नाई. मानूस वाईट नव्हता. "बेटा, पार्टी मेरे सिर पे बैठी है," म्हने अन् आपली शुटिंग घेऊन गेला. ते लगन गोंदियाच्या एका पोरानं जोडून देल्लं. मंग पूरा सीजन त्यालेच गेला. लगनं त त्या वर्षी लय होते. रोज बाजूच्या गल्लीतून बँड जाये.

त्यानंतर पोरानं आत्याले फोन लावला. नातीनं बॅग भरली, माह्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खदानीत एका दिवसाची मजुरी गेली का दुसऱ्या दिवशी परत बसता येये. तिचं तसं नव्हतं.

ती गेल्यावर पोरगा एकटाच गोंदियाले गेला. जड कार्ड वापस करून ते लहानं घेऊन आला, डब्बा नवीन बसवून घेतला. कॉम्प्युटर आता एकदाबी बंद पडत नाई. पोरगा सुट्टीच्या दिवशी ते चालू करते, थोडं पाह्यते, बंद करते. जोडाले त्याले काही येत नाई.

आता तो समदं तिले विचारते. घरात पंखा घ्यायचा, मोबाइल घ्यायचा, कूलरची मोटर घ्यायची, आधी नागपूरले फोन लागते. कोनतं घेऊ बेटा, कोनतं कमी लाइन खाते? ती म्हनते, आप देख लो पापा. एवढंच. पहिले सांगाले लागली का थांबे नाई.

माह्या डोळ्याचं आपरेशन झालं तेव्हा तिनं मलेबी फोन केला होता. पाय दुखतात का मी विचारलं. दिवसभर उभं राहा लागते तिथं, बसाले स्टूल देत नाईत. आदत हो गई म्हने. मंग मी सिधंच विचारलं, बाई, आमच्यावर राग हाय का?

मागून कोनी तरी साडीचा भाव विचारून राह्यलं होतं.

"नहीं आजी," ती म्हनली. "ग्राहक खड़ा है, रखती हूँ."