मानेवरचा श्वास

चष्म्याच्या त्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या गृहस्थांना सारे भिंगकाका म्हणत. काच फ्रेमच्या मापाची करताना शेवटचा हात फिरवायचा तो श्वास रोखून, ही त्यांची रीत. त्या क्षणी कोणी नुसते शिंकले तरी त्यांचे पित्त खवळे.

मालकांचा मुलगा कारभार पाहू लागला आणि ही रीत मोडली. तो त्यांच्या पाठीशी येऊन उभा राही आणि वाकून विचारी, "झालं का काका?" काकांचा हात बिचके, काचेची कड उडे. अशा बऱ्याच काचा वाया गेल्यावर त्याने सांगून टाकले, "आता आणखी एक फुटली, तर मी मशीनच आणतो. तुम्ही घरी आराम करा."

रात्री जेवताना काकांनी हे भाचीच्या कानावर घातले. ती शाळेत इंग्रजी शिकवी.

"मामा, इंग्रजीत याला मानेवर श्वास सोडणं म्हणतात. साहेब काम सांगून वर डोक्याशी उभा राहिला, की असं म्हणायचं. शर्यतीत मागचा अगदी जवळ आला, तरी म्हणतात."

"आपण मानगुटीवर बसणं म्हणतो."

"मानगुटीवर भूतही बसतं. इथं माणूसच लागतो, आणि बहुधा तोही धावतच असतो."

"इंग्रजांचं काही खोटं नाही. आमच्या साहेबांच्या श्वासाला पेपरमिंटचा वाससुद्धा येतो."

दुसऱ्या दिवशी मालकांचा मुलगा येताच काकांनी एक स्टूल टेबलाच्या पलीकडे मांडले.

"मागे नको, असे समोर बसा. तुमचा श्वास मानेवर आला की मला माझा रोखता येत नाही."

"म्हणजे चूक माझी?"

"ते नंतर भांडू. आधी काच."

तो बसला. इतक्या जवळून त्याचा चेहरा काकांनी प्रथमच पाहिला. डोळे तारवटलेले होते, नखे कुरतडलेली.

"बाबा रोज विचारतात, किती झालं, का राहिलं," तो पुटपुटला. "माझ्या मागे कोण उभं असतं, ते तुम्हाला कुठं दिसतं?"

"दिसलं आता. जरा गप्प बसा."

काकांनी श्वास रोखला. नकळत त्यानेही रोखला. कड गुळगुळीत उतरली आणि काच फ्रेममध्ये अलगद बसली.

चष्मा उजेडात धरून तो बराच वेळ पाहत राहिला. "मशीनवाल्याला सध्या थांब म्हणून सांगतो."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

"ते मला नका विचारू, काका. बाबांना समोर कसं बसवायचं, तेवढं सांगा."