रेविनने टोबार बसवला

रेविन कॅटरमोल घाबरट आहे हे आमच्या लिटल रिव्हर गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती स्वतःही ते लपवत नाही. वारा जोराचा सुटला की ती धुराड्याकडे बघत बसते. विमानात ती आयुष्यात एकदाच बसली, तीही डोळे गच्च मिटून. वय एकाहत्तर, उंच, खांद्यात जरा वाकलेली. चाळीस वर्षं शाळेच्या कचेरीत होती, त्यामुळे गावातल्या अर्ध्या लोकांच्या फुटलेल्या गुडघ्यांना तिने कधी ना कधी पट्टी लावलेली आहे. मी तिची शेजारीण. एकोणीस वर्षं आमच्यात एक कुंपण आहे, आणि त्यातही तिनेच पाडलेली एक फट आहे.

नेव्हिल, तिचा नवरा, होता तोवर गाडीला ट्रेलर जोडायचा तो त्यानेच. तो गेल्यावर रेविनने त्याची मोठी गाडी विकून टाकली आणि पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी एक चिमुकली हायब्रिड घेतली. मेंढ्यांचा कळपही कमी करत आणला. राहिल्या दोन म्हाताऱ्या काळ्या मेंढ्या, मार्माइट आणि प्रून. त्यांची लोकर ती स्वतः कातते.

मार्चमध्ये, त्या चरायच्या त्या कुरणाच्या मालकाने जमीन विकली. शनिवारपर्यंत मेंढ्या हलवायच्या होत्या. डोंगरापलीकडे, ओकेन्स बेला, तिची मैत्रीण ग्लेनिस त्यांना ठेवून घ्यायला तयार होती. प्रश्न होता न्यायच्या कशा. दोन मेंढ्यांसाठी ट्रक येत नाही. आणि आलाच तर तो थेट खाटीकखान्याला जातो.

"कुणाला तरी सांग ना," मी म्हटलं.

"सांगितलं की आधी हो म्हणतील, मग सल्ला देतील. रेविन, वय झालं त्यांचं, आता पाठवून दे. मला तो सल्ला ऐकायचा नाहीये."

म्हणून तिने हायब्रिडला टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी दांडा, बसवायचं ठरवलं. गॅरेजवाला डग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ही मेंढ्या ओढणार की मेंढ्या हिला ओढणार?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "खाली नारिंगी तार गेलीय बघ. तिच्यात माणूस मारण्याइतकी वीज असते. मी नाही हात लावणार."

झालं. आधीच घाबरलेल्या बाईला त्याने नारिंगी तार दाखवली.

टोबारचा खोका मंगळवारी आला. बुधवारी सकाळी रेविन गाडीची किल्ली घेऊन माझ्याकडे आली. "ही तुझ्या पावाच्या डब्यात ठेव. किल्ली जवळ असली की ही गाडी जागी होते म्हणे. आणि जागी झाली तरी आवाज करत नाही. मला कळणार कसं?"

मग आम्ही दोघी तिच्या शेडमध्ये, गाडीखाली घोंगडीवर आडव्या. ती हातात रबरी मोजे घालून, मी विजेरी धरून. छोटी बॅटरी सोडवल्यावर, उरलीसुरली वीज उतरावी म्हणून, तिने घड्याळ लावून दहा मिनिटं नुसती वाट पाहिली. मागचा बंपर काढताना प्लास्टिकचा एक चाप कडकन तुटला, आणि आम्ही दोघी अशा किंचाळल्या की कोंबड्या पळाल्या.

"तार दिसतेय का?"

"दिसतेय. लांब आहे."

"किती लांब?"

"दीड हात."

"तू बघत राहा. माझा हात तिकडे गेला तर ओरड."

मी तासभर त्या तारेवरून नजर हलवली नाही. रेविन मात्र एकेक बोल्ट आधी हाताने, मग पान्याने, मग कागदावर लिहिलेल्या मापाने आवळत गेली. एकही बोल्ट वाकडा गेला नाही. दांडा बसला, दिव्यांच्या तारा जोडल्या, बंपरला खाच पाडून तो परत लावला.

खोक्यात एकच गोष्ट नव्हती: ट्रेलरची वाटी ज्याच्यावर बसते तो लोखंडी गोळा. रेविनने शेडच्या कपाटातून एक पायमोजा काढला. त्यात ग्रीस लावून ठेवलेला नेव्हिलचा जुना गोळा होता. त्याच्यावरचे आकडे घासून घासून गेले होते.

"नेव्हिलने याच्यावर तीस वर्षं ओढलं," ती म्हणाली. सबंध कामात तिला न घाबरता करता आलेली ही एकच गोष्ट.

शुक्रवारी पेट्रोलपंपावरून पिंजऱ्याचा ट्रेलर भाड्याने आणला. तो गोळ्यावर बसला, कडी लागली. ट्रेलर सुटलाच तर धरून ठेवणारी साखळी रेविनने अडकवली आणि तिची कडी पकडीने आवळली. जरा खडखडत होतं.

"खडखडतंय का गं हे?"

"ट्रेलर खडखडणारच," मी म्हटलं. मला त्यातलं काय कळत होतं, देव जाणे.

मेंढ्या पिंजऱ्यात चढवल्या आणि आम्ही डोंगराकडे निघालो. चढावर इंजिन असं रडत होतं की मेंढ्यासुद्धा गप्प झाल्या. रेविनने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती दर वळणाला "बरं, बरं, बरं" म्हणत होती. माथा आला. आता उतार. खाली समुद्र अगदी पायाशी. इंजिन बंद पडल्यासारखं शांत झालं, आणि मागून ट्रेलर गाडीला ढकलायला लागला.

"ढकलतोय तो मला."

"हळू घे."

"हळूच घेतेय! याहून हळू म्हणजे उतरून चालावं लागेल!"

पुढे, गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून, रस्त्यात लोखंडी नळ्या आडव्या बसवलेल्या आहेत. त्यांच्यावरून जाताना धाडकन आवाज झाला आणि मागून कुणी लाथ घालावी तशी गाडी पुढे फेकली गेली. मग रस्त्यावर लोखंड घासल्याचा आवाज. मी आरशात पाहिलं. ट्रेलरचं तोंड खाली गेलं होतं आणि पिंजरा कड्याच्या बाजूला तिरपा होत होता.

रेविनने ब्रेक कचकन दाबला नाही. दाबला असता तर ट्रेलर आमच्या अंगावरच आला असता. पायाखाली अंडं असल्यासारखा तिने त्यावर पाय ठेवला, आणि आम्ही घासत, ओढत थांबलो. ट्रेलर फक्त साखळीवर होता. त्याचं एक चाक रस्त्याकडेच्या गवतात, आणि गवताच्या पुढे काही नव्हतं.

"आवाज नाही येत त्यांचा," रेविन म्हणाली. ओठ पांढरे. "तू जा. मला नाही बघवणार."

मी गेले. मार्माइट उभी होती. प्रून गुडघ्यांवर पडली होती, डोळे उघडे. मी तिच्या नावाने हाक मारली तर ती हलेना. पुन्हा मारली. मग ती उठली, आधी मागचे पाय, मग पुढचे, आणि थेट माझ्या तोंडावर शिंकली.

"जिवंत आहेत!" मी ओरडले. रेविनने डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

फोनला रेंज नव्हती. वीसेक मिनिटांनी खालून एक पिकअप वर आली, मागे तीन कुत्री. उतरला तो हेमी. आमच्या भागात मेंढ्यांची लोकर कातरणारा, खांदे दाराएवढे.

"काय आँटी, मेंढ्यांना समुद्र दाखवायला आणलंत?" मग त्याने गोळ्यावर अंगठा ठेवून पाहिला, आणि त्याचं हसू गेलं. "हा कुणी दिला?"

"नवऱ्याने."

"जुन्या, जरा लहान मापाचा आहे. ट्रेलरची वाटी नव्या मापाची. दोन मिलिमीटर आणि वर थोडं, एवढाच फरक. बसतो, कडीही लागते, आणि पहिल्या दणक्याला वाटी उडते. माझ्या काकाची होडी ट्रेलरसकट अशीच सुटली. काका पुढे दोन मैल गाणी म्हणत गेला."

रेविन हसली नाही. ती त्या गोळ्याकडे बघत राहिली. "तीस वर्षं," ती एवढंच म्हणाली.

"तीस वर्षं त्याच्या ट्रेलरला बरोबर होता तो. तुमची त्यात काही चूक नाही," हेमी म्हणाला. "ट्रेलर माझ्या गाडीला लावतो. मी देतो पोचवून."

मला वाटलं, सुटलो. रेविनने एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा खालच्या वळणांकडे.

"तुझा गोळा दे," ती घाईघाईने म्हणाली, जणू उशीर झाला तर वेगळंच बोलून जाईल. "आणि तू माझ्या पुढे चाल. मला दिसत राहा, म्हणजे झालं."

हेमीने मोठा पाना काढला. आम्ही तिघांनी मिळून ट्रेलर रस्त्यावर आणला, आणि या वेळी वाटी खटकन बसली, खडखड नाही. मग ती पिकअप पुढे, कुत्री आमच्याकडे तोंड करून, आणि मागे आम्ही. तीन मैल उतरायला पाऊण तास लागला.

ग्लेनिसने फाटक उघडलं. मार्माइट उडी मारून उतरली. प्रून किंचित लंगडत, पण चार पावलांवर गवताला लागली. हेमी हात हलवून गेला. गोळा सवडीने परत द्या म्हणाला. जाताना खिडकीतून ओरडला, "रिकामा ट्रेलर जास्त उडतो हं, आँटी! सावकाश!"

रेविन अजून गाडीतच होती, पट्टा लावून.

"उतर ना," मी म्हटलं.

"थांब जरा." ती मेंढ्यांकडे बघत होती. "रिकामा जास्त उडतो?"

"तो म्हणाला खरा तसं."

ग्लेनिस खिडकीशी आली. "मग आज इथंच राहा. सकाळी जा."

"नको," रेविन म्हणाली. "रात्रभर विचार केला तर सकाळी मी या गाडीत बसायचीच नाही. चहा दे, ग्लेनिस. कडक दे. आणि लवकर दे."