आरोहीचं चौथं टक्कल

महागाव तालुक्यातल्या त्या गावात जमनाबाई राठोड बावीस वर्षं अंगणवाडी चालवतात. पोर वजनकाट्यावर चुळबुळ करायला लागलं, की आकडा थांबेस्तोवर बाई स्वतःच श्वास रोखून धरतात. अशी बाई एकदा एखादी गोष्ट मनावर घेते, तेव्हा समोरच्यानं आधीच सतरंजी टाकून ठेवावी. लवकर उठायच्या नाहीत.

एका बुधवारी सकाळी पुंडलिकरावांची सून वैष्णवी धापा टाकत त्यांच्याकडे आली. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, न्हाव्याला, बबलूला, बोलावलं होतं. काम एकच: तिच्या पाच वर्षांच्या मुलीचं, आरोहीचं, डोकं भादरायचं. चौथ्यांदा.

आरोहीचे केस भुरे. मक्याच्या कणसाला आत जे रेशीम असतं ना, तसे. घरात बाकी सगळ्यांची डोकी काळीभोर, त्यामुळे पुंडलिकरावांनी आधी बोअरच्या पाण्यावर संशय घेतला, मग साबणावर, मग सुनेच्या माहेरावर. माहेर दूर पडलं, साबण बदलून झाला, तेव्हा उरला वस्तरा. दर उन्हाळ्यात केस काढायचे, म्हणजे ते काळे होऊन येतील, असा त्यांचा हिशेब. त्यात प्रेमच होतं. वीस वर्षांनी होणाऱ्या लग्नाची काळजी ते आजच वाहत होते.

पण तिसऱ्या खेपेनंतर पोरगी भर मे महिन्यात कानटोपी घालून अंगणवाडीत आली होती. पोरांनी ती ओढली आणि डोक्यावर तबला वाजवला. त्यानंतर तिनं आठवडाभर घर सोडलं नाही. आता जूनमध्ये पहिलीत जायचं, तर तिनं आईला सांगून टाकलं होतं, की केस काढले तर शाळेत जाणार नाही. ही गोष्ट जमनाबाईंना खोल लागली, कारण बंजाऱ्यांच्या तांड्यात जन्मलेल्या त्याही भुऱ्याच होत्या. त्यांच्या आईनं, धनीबाईनं, त्यांना पाचदा भादरलं आणि एरंडेल तेलात जवळजवळ मुरत घातलं. तेरा-चौदाव्या वर्षी केस आपोआप गडद झाले. धनीबाई आज ऐंशीच्या घरात आहे आणि अजून सगळं श्रेय एरंडेलाला देते. तिच्याशी वाद घालणं जमनाबाईंनी सोडून दिलंय. जमनाबाईंनी सोडून दिलेली बहुधा ही एकच गोष्ट.

हे असं का होतं, ते त्यांना पुढे एका प्रशिक्षणात कळलं. कुपोषणात केस भुरकट होतात, असं डॉक्टर सांगत होते. जेवणाची सुट्टी झाली, डॉक्टर निघाले, तर बाई दारात उभ्या. मी तर खाऊन-पिऊन धडधाकट होते, मग माझे काहून भुरे होते? डॉक्टरांना भूक लागली होती, म्हणून त्यांनी नेमकं सांगितलं. केसाचा रंग कातडीखाली मुळाशी तयार होतो. काही लेकरांत लहानपणी तो गडद रंग थोडाच बनतो; वय वाढतं, अंगात मोठेपण येतं, तसा जास्त बनायला लागतो. कुणाचा किती बनेल आणि कधी, ते आईबापांकडून, आजा-पणजांकडून आलेलं असतं. कातडीवरचा केस तर मेलेला. त्याला कापलं काय नि तेल लावलं काय, मुळाला पत्ता नसतो.

आरोहीचं वजन, उंची, दंडाचा घेर बाईंनी कधीच तपासला होता. पोरगी दणकट होती. म्हणजे भांडण फक्त वस्तऱ्याशी होतं. त्या वैष्णवीला घेऊन निघाल्या.

अंगणात बबलूनं पेटी उघडली होती. आरोही दाराआड. पुंडलिकराव खाटेवर. बाईंनी डॉक्टरांचं सगळं मूळपुराण त्यांना ऐकवलं. पुंडलिकरावांनी ते शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच बाजूला ठेवलं.

"तीनदा काढले, बाई. दर खेपेस जरासे काळे आले. डोयानं पाह्यलं म्या."

"दर खेपेस पोरगी एका वर्षानं मोठी बी झाली, भाऊ. नसते काढले तरी तेवढेच काळे आले असते."

पुंडलिकरावांनी मान हलवली, ती आडवी. बबलूनं वाटीत पाणी घेतलं. जमनाबाईंनी पुंडलिकरावांकडे नीट निरखून पाहिलं.

"पुंडलिकभाऊ, तुमी दाढी कवापासून करून राह्यले?"

"अठराव्या वर्षापासून. एक दिवसाआड. काहून?"

"मंग वस्तऱ्यानं केस काळे होतेत, त तुमची दाढी पांढरी कशी झाली?"

बबलूला एकाएकी पेटीत काहीतरी शोधायचं आठवलं. पुंडलिकरावांचा हात गालावर गेला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा वस्तरा त्या गालावरून फिरला होता, आणि खुंट कापसासारखे पांढरे होते. बराच वेळ ते गाल चोळत राहिले.

"मंग होतीन का तिचे काळे?" त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"बहुतेक होतीन. नाही बी होतीन, मी लिहून देत नाही. पण पोरगी शाळेत जाईन त केस घेऊनच जाईन."

पुंडलिकरावांनी दाराकडे पाहिलं. मग बबलूला म्हणाले, दुकान सोडून आलाच आहेस, तर माझी दाढी करून दे. आणि खाटेवरून उठून स्वतःच पाटावर बसले.

तोंडाला फेस लागला तशी आरोही हळूच बाहेर आली, वाकून आज्याच्या गालाकडे पाहू लागली. "आबाची आता काळी येईन का?" तिनं बबलूला विचारलं.

बबलूनं जमनाबाईंकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी फेसाळलेला गाल वस्तऱ्यापुढे केला.

वैष्णवीनं चहा ठेवला. अंगणवाडीची वेळ होत आली होती, तरी बाई बसून राहिल्या. चहा संपला, दाढी झाली, वस्तरा पुसून पेटीत गेला, पेटी बंद झाली आणि बबलू गल्लीच्या वळणापलीकडे दिसेनासा झाला. मग त्या उठल्या.